सुरतेकडच्या खान्देशी वस्त्यांसाठी वंदना आणि धम्मपद मोबाईलवर आणायचंय: मजकूर, लिपी, आवाज, हक्क

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांना जय भीम.

धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या भागातली बरीच बौद्ध कुटुंबं कामधंद्यासाठी सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि पुढे अंकलेश्वर-वापीपर्यंत जाऊन राहिली आहेत. वस्त्यांमध्ये छोटे विहार आहेत, पौर्णिमेला वंदना होते, वर्षावासात (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत) ग्रंथवाचनही होतं. मराठी पुस्तकं मात्र तिकडे सहज मिळत नाहीत. गावाकडून कुणी चार प्रती नेल्या तर त्या हातोहात जातात आणि परत येत नाहीत.

सध्या चाललंय ते असं: कुणीतरी मोबाईलवर पुस्तकाचे फोटो काढतो, त्यांची दीडदोनशे एमबीची पीडीएफ करतो आणि ग्रुपवर टाकतो. दोन जीबी रॅमच्या फोनवर ती उघडता उघडत नाही. उघडली तर अक्षर मोठं करताना ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते. शोध तर लागतच नाही.

आमच्या हाताशी असलेलं साहित्य सांगतो. वंदना-सुत्तपठणाची ६४ पानी पुस्तिका आहे, पाली आणि खाली मराठी अर्थ. तिची मूळ पेजमेकर (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची) फाइल श्रीलिपी या जुन्या फाँटात आहे. धम्मपदाचा एक जुना छापील मराठी अनुवाद आहे, कागद पिवळा पडलाय. धर्मानंद कोसंबींची पुस्तकं जुन्या आवृत्त्यांत आहेत. वर्षावासात वाचतात तो बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचा मराठी अनुवाद आहे. शिवाय वंदनेच्या आणि बुद्धगीतांच्या काही कॅसेट.

वाचणारे तीन प्रकारचे. पन्नाशी-साठीपुढची माणसं, ज्यांना देवनागरी येते पण बारीक अक्षर दिसत नाही, काहींकडे साधा बटणाचा फोन. यंत्रमागावर, साडीच्या कारखान्यात काम करणारे, ज्यांना वाचण्यापेक्षा ऐकणं जमतं. आणि गुजराती माध्यमातली मुलं. घरात अहिराणी-मराठी बोलतात, पण हात बसलाय तो गुजराती लिपीवर.

पैसा फार नाही, माणसं आहेत. पाच-सहा तरुण संध्याकाळी दोन तास देऊ शकतात. सुरुवात कुठून करावी, कोणत्या क्रमाने, आणि कायद्याने काय चालेल हे नेमकं हवंय.

---

अक्षरजुळणी (जळगाव)

जय भीम. सुरुवात वंदनेच्या पुस्तिकेपासून करा, धम्मपद दुसरं. कारण पुस्तिकेचा मजकूर आधीच टाईप केलेला आहे आणि तीच रोज लागते.

एक चाचणी आधी सांगतो. कुठल्याही पीडीएफमधली एक ओळ बोटाने निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. जशीच्या तशी मराठी उमटली तर तो मजकूर. काहीच निवडलं गेलं नाही तर ते चित्र. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला तर तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फाँटचा मजकूर. ही तिसरी जात फसवी, कारण डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. पण फोनचा टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) तोच कचरा वाचतो, शोध लागत नाही आणि लिपी बदलायला गेलं तर काही हाती येत नाही.

श्रीलिपीतून युनिकोडला (सगळ्या फोनांना कळणाऱ्या प्रमाण मांडणीला) आणताना पेजमेकरच्या फाइलमध्ये फाँटचं पूर्ण नाव, क्रमांकासकट, आधी लिहून घ्या. श्रीलिपीत अक्षरांच्या मांडणीचे एकाहून जास्त प्रकार आहेत. परिवर्तकात (फाँट बदलून देणाऱ्या साधनात) चुकीचा प्रकार निवडला तर निम्मा मजकूर बरोबर आणि निम्मा भलताच निघतो. शीर्षकं बहुधा वेगळ्या फाँटात असतात, ती वेगळी काढून वेगळी फिरवा. फिरवून झाल्यावर तीन ठिकाणी हमखास बिघडतं. ऱ्हस्व इकार: जुन्या फाँटात तो अक्षराच्या आधी टाईप होतो, युनिकोडात नंतर, त्यामुळे जोडाक्षरापाशी तो चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो. रफार: ‘धर्म’, ‘सिद्धार्थ’ यांतला रफार एक अक्षर पुढे सरकतो. आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ मधला अर्धा र, तो कधी गायबच होतो.

चौथी भानगड आपल्या विषयातच जास्त नडते. जुन्या टायपिंगमध्ये ‘बुद्ध’ हा शब्द ‘बुध्द’ असा, म्हणजे आधी ध आणि मग द असा, सर्रास टाकलेला असतो. छापल्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाईलवर मात्र ‘बुद्ध’ शोधला की ‘बुध्द’ सापडत नाही, आणि पुस्तकभर एकही निकाल मिळत नाही. शुध्दोदन, सिध्दार्थ, श्रध्दा सगळ्यांचं तेच. मराठीत आणि पालीत खरा ‘ध्द’ लागत नाही, तेव्हा संपूर्ण फाइलमध्ये ‘ध्द’च्या जागी ‘द्ध’ असा एकगठ्ठा बदल बिनधास्त करा. उलट ‘धम्म’ला हात लागू देऊ नका. फोनवर दुरुस्ती करणार असाल तर कीबोर्डची आपोआप-दुरुस्ती बंद ठेवा, नाहीतर ‘धम्म’चं ‘धर्म’ आणि ‘भिक्खू’चं भलतंच काही होतं.

आता छापील धम्मपद. सपाट स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआय, तळटीपा बारीक असतील तर ४००, आणि करड्या छटेत. निव्वळ काळं-पांढरं नको, पिवळ्या कागदावर मात्रा तुटतात. फोननेच काढायचं असेल तर पुस्तक काचेखाली दाबा, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. स्कॅन टेलर नावाचं मोफत सॉफ्टवेअर पानं सरळ करून कडा कापून देतं. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करायला (यालाच ओसीआर म्हणतात) टेसरॅक्ट (मराठीची भाषा-फाइल घालून) किंवा गूगल ड्राइव्ह. ड्राइव्हला एकेक पान, २ एमबीच्या आत, जेपीजी करून चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. जुन्या छपाईत ख आणि रव, ध आणि घ, भ आणि म, ष आणि प, ब आणि व यांची अदलाबदल होते. गाथेच्या शेवटचा आकडा पुष्कळदा पूर्णविरामाच्या दंडाला चिकटतो आणि ‘॥५॥’चं भलतंच काही होतं.

पाली भाग मात्र मुळीच ओसीआर करू नका. ‘पञ्ञा’मधला जोड ञ यंत्राला बहुधा धड ओळखता येत नाही, त्याचा ज्ञ होतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचं (सहाव्या संगीतीत ठरलेल्या पाठाचं) अख्खं तिपिटक देवनागरीसकट अनेक लिप्यांत खुलं ठेवलं आहे. गाथा क्रमांकाने तिथून पाली घ्या आणि शेजारी तुमचा मराठी अनुवाद बसवा. धम्मपदात २६ वग्ग (प्रकरणं) आणि ४२३ गाथा, त्यामुळे एकही सुटली तर लगेच कळतं. छापील पुस्तकातला पाली पाठ एखाद्या शब्दात वेगळा निघेल. नालंदाच्या देवनागरी आवृत्तीशी आणि छट्ठ संगायनाशी ताडून पाहिलं की फरक कुठला ते समजतं. तो टीपेत नोंदवा, मनाने एकत्र करू नका.

हे सगळं एका तक्त्यात ठेवा. गूगल शीट पुरते. रकाने पाच: गाथा क्रमांक, पाली, मराठी, टीप, आवाजाच्या फाइलचं नाव. एका ओळीत एकच गाथा. पुढे ईपब (अक्षर मोठं केलं तरी ओळ स्क्रीनमध्येच बसवणारं ई-पुस्तक), गुजराती लिपी, व्हॉट्सॲपचा रोजचा संदेश, सगळं या तक्त्यातूनच निघालं पाहिजे. चूक सापडली की दुरुस्ती फक्त तक्त्यात, बाकी पुन्हा काढायचं. वेगवेगळ्या फाइलींत वेगवेगळी माणसं दुरुस्त्या करत बसली की महिन्याभरात कुठली प्रत खरी हेच कळेनासं होतं, आणि मग तुमचे पाच-सहा तरुण कंटाळून जातील.

मुद्रितशोधन दोघांनी करा. एकाने छापील पुस्तकातून मोठ्याने, विरामचिन्हांसकट वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवून पाहायचं. तासाला साधारण आठ-दहा पानं होतात. एकट्याने मनात वाचलं की डोळा चूक आपोआप दुरुस्त करून पुढे जातो.

ईपब बनवायला लिबरऑफिस रायटर पुरे: वग्गाच्या नावाला ‘शीर्षक १’ ही शैली द्या, गाथेतली ओळ शिफ्ट-एंटरने तोडा, परिच्छेदाची भाषा मराठी ठरवा आणि ईपब म्हणून निर्यात करा. भाषा मराठी ठरवली की मुक्ता, नोटो यांसारख्या खुल्या फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. न ठरवल्यास हिंदी वळणाचे येतात आणि म्हाताऱ्या माणसांना ते खटकतं. दोन्ही कडा जुळवू नका, ओळींतलं अंतर दीडपट ठेवा. आकाराचा अंदाज हवा तर: देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट, गाथा आणि अर्थ मिळून तीनशे चिन्हं धरली तरी ४२३ गाथांचं धम्मपद ४०० केबीच्या आतबाहेर बसतं.

---

नोंदवही (भुसावळ)

हक्कांचं मी सांगते, कारण तुमच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूचं उत्तर वेगळं आहे आणि इथे घोटाळा झाला तर सगळी मेहनत उतरवून घ्यावी लागते.

कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम २२ प्रमाणे लेखकाचं निधन झालं त्याच्या पुढल्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. धर्मानंद कोसंबी ४ जून १९४७ ला गेले. म्हणजे १ जानेवारी २००८ पासून त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तकं मोकळी आहेत. मात्र स्कॅन जुन्या आवृत्तीचाच करा. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, संपादकाच्या टीपा, मुखपृष्ठ यांचा हक्क ज्याचा त्याचा. त्यांची जी पुस्तकं निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झाली त्यांना कलम २४ लागतं: ६० वर्षं प्रसिद्धीच्या वर्षापुढून मोजायची, तेव्हा पहिल्या आवृत्तीचं वर्ष पानावर पाहून घ्या.

बाबासाहेबांच्या ग्रंथाचं असंच. ते ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि हा इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये आला. त्यामुळे इंग्रजी मूळ २०१८ च्या सुरुवातीपासून मोकळं. पण तुमच्या वर्षावासात वाचतात तो मराठी अनुवाद आहे, आणि अनुवादाचा हक्क अनुवादकाचा स्वतंत्र असतो. अनुवादक एकाहून जास्त असतील तर शेवटच्या अनुवादकाच्या निधनापासून मोजतात. मूळ मोकळं झालं म्हणून अनुवाद मोकळा होत नाही, हे ग्रुपवर टाकणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतं. मुलांसाठी हिंदी अनुवाद घ्यावा असं मनात येईल, तर भदंत आनंद कौसल्यायन १९८८ मध्ये गेले, म्हणजे त्यांचा अनुवाद २०४८ च्या अखेरपर्यंत हक्कात आहे. दोन्हींसाठी प्रकाशकाकडे लेखी परवानगी मागा. पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणती आवृत्ती, कोणत्या स्वरूपात (वाचायचा मजकूर की वाचून दाखवलेला आवाज, दोन्हींचा उल्लेख हवा), विनामूल्य वाटप, आणि प्रत्येक फाइलीत प्रकाशकाचं नाव राहील. आवाजाची परवानगी लिहून घेतली नाही तर नंतर पुन्हा मागावी लागते.

डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी कायद्यात वेगळी वाट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५२(१)(झेडबी) छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी ग्रंथ सुलभ स्वरूपात आणायला परवानगीविना मुभा देतं. नफा घ्यायचा नाही आणि प्रत फक्त त्याच व्यक्तींना द्यायची. दृष्टिहीन आजोबांसाठी करा, जरूर करा, पण तीच फाइल अख्ख्या ग्रुपवर गेली की ही सवलत संपली. वस्तीत कुणी दृष्टिहीन असेल तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात त्यांची नोंदणीही करून घ्या, तिथे मराठी पुस्तकं मिळतात.

पाली मूळ सुत्तांना हक्क नाही. मराठी अनुवाद अडला तर नवा करता येतो, आणि त्यासाठी सुत्तसेंट्रल या संकेतस्थळावरचे भिक्खू सुजातो यांचे इंग्रजी अनुवाद सोयीचे, ते त्यांनी सीसी-शून्य परवान्याखाली पूर्ण मोकळे ठेवले आहेत. तिथे प्रत्येक सुत्ताचे क्रमांकित तुकडे पाडलेले आहेत, ते वर सांगितलेल्या तक्त्यात सरळ बसतात. भिक्खू ठानिस्सरो यांचे अनुवादही वापरता येतात, अट एवढीच की नाव द्यायचं आणि विकायचं नाही.

कॅसेट सोडून द्या. वंदनेचे शब्द कुणाच्याच मालकीचे नसले तरी ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं, तेही प्रसिद्धीपुढे ६० वर्षं. बुद्धगीतांत तर कवी, संगीतकार आणि गायक असे तिघांचे हक्क आणखी गुंततात. वंदना तुमच्याच माणसांच्या आवाजात नव्याने रेकॉर्ड करा.

---

पांझराकाठ (धुळे)

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार. चाचणी करून पाहिली: पुस्तिकेची पीडीएफ तिसऱ्या जातीची निघाली, कचरा उमटतो. फाँटचं नाव शोधतोय.

गुजराती लिपीचं कुणी सांगेल का? आणि आवाज फोनच्या यंत्राकडूनच वाचवून घेतला तर चालेल का, म्हणजे रेकॉर्डिंगचे कष्ट वाचतील?

---

तापी लाईन (उधना)

लिपीचं बोलतो. देवनागरी आणि गुजराती युनिकोडात एकाच क्रमाने मांडलेल्या आहेत; देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ३८४ मिळवले की तेच गुजराती अक्षर मिळतं. म्हणून तक्त्यातला पालीचा रकाना काही सेकंदांत फिरतो. अक्षरमुख हे मोफत साधन हेच काम करतं आणि पालीसाठी भरवशाचं आहे. किंवा विपश्यना विशोधन विन्यासाच्या साठ्यात गुजराती लिपीतलं तिपिटकही आहे, तेच घ्या.

मराठी रकाना स्वतः फिरवणार असाल तर चार अक्षरं सांभाळा. दंड आणि दुहेरी दंड (क्रमांक २४०४ आणि २४०५) दोन्ही लिप्यांना एकच आहेत, त्यांत मिळवणी केली तर चौकोन दिसतात. ‘ॲ’ (२४१८) ला गुजराती जोडीदार नाही, आधी त्याचा ‘ऍ’ करून मग फिरवा. ‘ऱ’ (२३५३) गुजरातीत नाही, ‘ऱ्य’ असेल तिथे साधा ‘र्य’ करून घ्या. जोडाक्षरात लपलेलं शून्य-रुंदीचं चिन्हही काढून टाका, ते गुजराती फाँटात अक्षर फोडतं. ‘ळ’ला काही अडचण नाही.

आता माझं मत. वंदना, पंचशील, महामंगलसुत्त, रतनसुत्त, करणीयमेत्तसुत्त इतकंच गुजराती लिपीत द्या. पाठ करायचा मजकूर आहे, ओळी लहान आहेत, विहारात मूल मोठ्यांबरोबर म्हणू शकतं. पण पानंच्या पानं मराठी गद्य गुजराती लिपीत वाचायला दिलं तर मूल दुसऱ्या पानावर सोडून देतं. लिपी ओळखीची, वाक्य ओळखीचं नाही, दोन्हीकडून ओढाताण. गुजराती माध्यमातल्या मुलांना वरच्या वर्गांत हिंदी असते, म्हणजे देवनागरी अगदीच परकी नसते. शिवाय सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. गद्यासाठी मोठ्या अक्षरातली देवनागरी आणि जोडीला आवाज ठेवा. कान आधी ओळखतो, डोळा मागून येतो.

मांडणीत एक करा: पालीची ओळ दोन्ही लिप्यांत एकाखाली एक, वर गुजराती, खाली देवनागरी. एकाच पानावर नातू वरची ओळ पाहतो आणि आजी खालची. दोन वेगळ्या पुस्तिका काढल्या तर पौर्णिमेला कुणाकडे कुठली आहे याचाच गोंधळ होतो.

परदेशी गेलेल्यांच्या मुलांसाठी कुणी रोमन मागितलं तर मात्र व्हॉट्सॲपवरचं ढोबळ स्पेलिंग देऊ नका. त्यात ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’, ऱ्हस्व आणि दीर्घ यांत फरकच राहत नाही. खुणांसहितचं रोमन त्याच साठ्यातून घ्या.

---

ध्वनीकक्ष (चाळीसगाव)

यंत्राच्या आवाजाचं: मराठी अर्थासाठी चालेल, पालीसाठी नाही. कारण सांगतो, करून पाहा. धम्मपदाची १८३ वी गाथा घ्या:

सब्बपापस्स अकरणं, कुसलस्स उपसम्पदा;
सचित्तपरियोदपनं, एतं बुद्धान सासनं.

फोनचा मराठी आवाज मराठीच्या सवयीने वाचतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळतो, म्हणून ‘बुद्धान’चं ‘बुद्धान्’ होतं आणि ‘सब्बपापस्स’ शेवटी कोरडा तुटतो. मराठीत ‘केलं’, ‘गेलं’ यातल्या अनुस्वाराचा ‘म’ उच्चारत नाहीत, फक्त स्वर लांबतो. यंत्र ‘अकरणं’ आणि ‘सासनं’ला तेच करतं आणि निग्गहीत (पालीतला अनुस्वाराचा उच्चार) नाहीसं होतं. मात्राही चुकतात, त्यामुळे गाथेची चाल मोडते. लहान मूल हेच ऐकून पाठ करणार, आणि एकदा जिभेवर चुकीचं बसलं की ते सोडवणं कठीण. पालीची भाषा ‘पाली’ अशी खूण फाइलीत जरूर करा, पण त्या भाषेचा आवाज साध्या फोनमध्ये नसतो, त्यामुळे ऐकायची सोय माणसाच्या आवाजानेच होईल. भंतेजी किंवा ज्यांचा पाठ शुद्ध आहे असे कुणी बौद्धाचार्य यांच्याकडून पाली घ्या. अर्थ गावातल्याच एखाद्या ताईने वाचला तरी छान होतो. अर्थाच्या आधी दोन वाक्यांची ओळख अहिराणीतून द्या. सुत्त कुणाला, कुठे सांगितलं एवढंच. ऐकणारा तिथेच थांबतो.

स्टुडिओ नको. फोन तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. समोर धरला तर ‘प’ आणि ‘भ’चा फटका बसतो. पंखा बंद, फ्रिज बंद, फोन विमान मोडवर. खोलीत आवाज घुमत असेल तर वाचणाऱ्याच्या मागे आणि समोर दोरीवर गोधड्या टाका. पत्र्याच्या घरात दुपारी रेकॉर्डिंग करू नका, पत्रा तापून कडकड वाजतो. पहाट किंवा रात्र बरी. सुरुवातीला दोन सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट काढायला तोच नमुना लागतो. गोंगाट काढताना जोर कमी ठेवा, जास्त काढला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

मूळ प्रत डब्ल्यूएव्ही, एकेरी चॅनल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. मिनिटाला सव्वापाच एमबीच्या आसपास जागा खाते, ती लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या डिस्कवर राहू द्या. वाटायची प्रत एमपी३, एकेरी, ४८ केबीपीएस: तासाला २२ एमबी. ओपस हा फाइलीचा दुसरा प्रकार यापेक्षा निम्म्यात बसतो, पण बटणाच्या फोनवर वाजत नाही, म्हणून एमपी३च. सगळ्या फाइलींची आवाजपातळी सारखी करा. ऑडॅसिटीत ‘लाउडनेस’ एकेरी चॅनलला उणे १९ ठेवा. नाहीतर एक सुत्त ऐकू येत नाही आणि पुढचं कानठळ्या बसवतं. कारखान्यात ऐकणाऱ्यांना याचा त्रास सगळ्यात जास्त.

पंचशील आणि त्रिसरण दोन प्रकारे करा. एक सलग. दुसरं मागून म्हणण्यासाठी: ओळ म्हटली की तितकीच आणि थोडी जास्त मोकळी जागा. ओळ पाच सेकंदांची तर जागा सहाची. ज्या वस्तीत पुढे म्हणणारं कुणी नसेल तिथे हीच फाइल स्पीकरवर लावून वंदना होते. मोकळी जागा कमी पडली की लोक अर्ध्या शब्दावर तुटतात, म्हणून आधी चार वयस्क माणसांबरोबर म्हणून पाहा आणि मग जागा पक्की करा.

एका फाइलीत एकच सुत्त किंवा एकच वग्ग, दहा मिनिटांच्या आत. वर्षावासाच्या ग्रंथाची परवानगी मिळाली तर त्याचे आठ खंड आहेत. प्रत्येक खंड भागांत आणि भाग छोट्या परिच्छेदांत मोडलेला असल्यामुळे रोजच्या वाचनाचे तुकडे आपोआप पडतात, वेगळं काही कापायला लागत नाही.

---

पांझराकाठ (धुळे)

गोधड्यांचं आणि मोकळ्या जागेचं लिहून घेतलं. आता शेवटचं: पोचवायचं कसं? ग्रुपवर टाकलेलं चार दिवसांत वर सरकून जातं, आणि फोन बदलला की सगळं गेलं. बटणाच्या फोनवाल्यांचं काय?

---

अक्षरजुळणी (जळगाव)

कायमचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हवर ठेवा. चढवताना भाषेच्या चौकटीत मराठी निवडा आणि परवान्याचा तपशील भरा. कोसंबींसारखी मोकळी झालेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर करा. तिथे स्कॅनचं पान आणि मजकूर शेजारी-शेजारी दिसतात, एकाने तपासलं की पान पिवळं, दुसऱ्याने तपासलं की हिरवं, आणि तयार पुस्तक ईपब म्हणून उतरवता येतं. तुमच्या तरुणांपैकी एखादा सुरतेत आणि एखादा धुळ्यात असला तरी काम थांबत नाही. ग्रुपवर फाइल न टाकता त्या पानाचा दुवा टाका, म्हणजे दुरुस्ती झाली की सगळ्यांना नवी प्रत मिळते. विहाराच्या भिंतीवर त्याचाच क्यूआर लावा: जितक्या अंतरावरून फोन धरणार त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी बाजू, म्हणजे एक मीटरवरून १० सेंटिमीटर. लॅमिनेशन चकचकीत नको, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि कोड वाचला जात नाही.

---

तापी लाईन (उधना)

बटणाच्या फोनसाठी मेमरी कार्ड. ८ जीबीच्या कार्डात वरच्या हिशोबाने साडेतीनशे तासांहून जास्त आवाज मावतो, तेव्हा जागेची चिंता नाही. चिंता नावांची. यातल्या पुष्कळ फोनांत देवनागरी नाव चौकोनांत दिसतं, म्हणून फाइलीचं नाव रोमन अक्षरांत आणि सुरुवातीला दोन आकडी इंग्रजी अंक ठेवा. काही फोन नावाचा क्रम पाहतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल कार्डावर उतरली त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड आधी फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइली क्रमाने एकेक कॉपी करा. सगळ्या एकदम निवडून ओढल्या तर त्रिसरणाच्या आधी आशीर्वादगाथा लागते. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला सुत्ताचं नाव तोंडी सांगा, म्हणजे स्क्रीन न पाहता बटण दाबून हवं ते गाठता येतं.

वेळही सांगतो. गावाकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबंही आहेत, ती दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, त्या काळात त्यांतली बहुतेक गावातच असतात. समारोपाच्या दिवशी विहारात एक लॅपटॉप आणि कार्ड-रीडर घेऊन दोघांना बसवा आणि येईल त्याचं कार्ड भरून द्या. स्मार्टफोनवाल्यांना क्विक शेअरने (फोनातून फोनात पाठवायच्या सोयीने) द्या, डेटा लागत नाही. भरून दिल्यावर त्यांच्याच फोनवर पहिली आणि शेवटची फाइल वाजवून दाखवा. कार्ड जुनं असलं तर शेवटच्या फाइली अर्धवट उतरतात, आणि ते ऊसाच्या फडात पोचल्यावर कळून उपयोग नाही.